होल्स्टचे मेघदूत





या व्याख्यानमालेत माझ्याआधी मोठमोठे प्राध्यापक, कवी आणि संशोधक बोलून गेले आहेत. मी बी.एच.एम.एस. झालेला साधा डॉक्टर. ज्याला आपल्यातले काही जण प्रेमाने ‘साबुदाण्याच्या गोळ्या देणारा’ म्हणतात, तो मीच. तेव्हा आजच्या बोलण्यात विद्वत्ता शोधू नये. एका संगीतरचनेने गेली काही वर्षे माझा पिच्छा पुरवला आहे. तिची हकिगत सांगावी आणि तिच्या निमित्ताने स्वतःला पडलेला एक प्रश्न आपल्यापुढे ठेवावा, एवढाच हेतू आहे.

४ मार्च १९१३ रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये एक मोठी रचना पहिल्यांदा सादर झाली. भरगच्च वाद्यवृंद, मोठा गायकवृंद, आणि एकूण कालावधी पाऊण तासाच्या आसपास. संगीतकार होते गुस्ताव होल्स्ट. संचालनही त्यांचेच होते आणि इंग्रजी शब्दही त्यांनी स्वतःच तयार केले होते. रचनेचे नाव ‘द क्लाउड मेसेंजर’, म्हणजे आपले मेघदूत.

माझी मुलगी लग्नानंतर इंग्लंडला गेली. तिथल्या गावच्या हौशी गायकवृंदात ती गाते. एकदा तिच्याकडे गेलो असताना तिने मला ही रचना ऐकवली. रिचर्ड हिकॉक्स यांनी १९९० च्या सुमारास लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून तिचे ध्वनिमुद्रण करून घेतले आहे. मुलगी म्हणाली, “बाबा, हे मेघदूत आहे, ओळखा कुठपर्यंत आलंय.” मी कान देऊन ऐकले. इंग्रजी मला येते, आणि मेघदूत शाळेत संस्कृतच्या गुरुजींनी आणि पुढे मराठी अनुवादांनी थोडेफार अंगात मुरवलेले. तरीही यक्ष कुठे आहे, रामगिरी सुटला की नाही, काही म्हणता काही कळेना. माझाच अपमान झाल्यासारखे वाटले. घरचा माणूस परक्या वेषात समोर यावा आणि आपण त्याला ओळखू नये, तसे झाले.

तिथून हा नाद लागला.

आधी होल्स्ट यांच्याविषयी थोडे सांगतो. जन्म १८७४, इंग्लंडमधल्या चेल्टनम गावी. घरात पियानोची परंपरा होती आणि मुलाने पियानोवादक व्हावे अशी वडिलांची इच्छा. पण उजव्या हाताच्या मज्जातंतूंचे दुखणे मागे लागले आणि ती वाट बंद झाली. लहानपणापासून दमाही होता. ट्रॉम्बोन फुंकल्याने दम्याला उतार पडेल अशा समजुतीने वडिलांनी त्यांच्या हाती ते वाद्य दिले. हा उपाय मी माझ्या दवाखान्यात अजून कोणाला सांगितलेला नाही. पण या मुलाचे पोट मात्र पुढे काही वर्षे त्या ट्रॉम्बोनने भरले. ऑपेराच्या मंडळीत आणि वाद्यवृंदात तो वाजवत हिंडला. नंतर शिक्षकी पत्करली. लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये १९०५ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९३४ पर्यंत, ते संगीत शिकवत होते. शिवाय मॉर्ली कॉलेजात कामकरी माणसांचे वर्ग घेत. आठवडाभर मुलींना आणि कामगारांना शिकवायचे आणि उरल्यासुरल्या वेळात, बहुधा रविवारी, स्वतःचे लिहायचे, असा त्यांचा क्रम. हात इतका दुखे की पुढे मोठ्या रचनेची स्वरलिपी उतरवायला शाळेतल्या सहकारी शिक्षिकांची मदत घ्यावी लागली.

अशा माणसाच्या हाती १८९९ च्या आसपास फ्रेझर नावाच्या लेखकाचे भारताविषयीचे एक पुस्तक आले आणि संस्कृत वाङ्मयाने त्याला वेड लावले. इथवर विशेष काही नाही. त्या काळात युरोपात पूर्वेचे वेड पुष्कळांना होते. मेघदूताचा इंग्रजी पद्यानुवाद तर १८१३ मध्येच कलकत्त्यात छापला गेला होता. तो करणारे होरेस हेमन विल्सन ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शल्यवैद्य म्हणून इकडे आले होते. डॉक्टरने मेघदूताच्या वाटेला जाण्याची प्रथा मी सुरू केलेली नाही, हे यावरून सभेच्या ध्यानात येईल. विल्सन यांचा अनुवाद घेऊन त्याला चाली लावणे होल्स्टना सोपे होते. अनुवाद तयार होता आणि शंभर वर्षे जुना होता.

पण होल्स्टनी तसे केले नाही. उपलब्ध भाषांतरे त्यांच्या मनास येईनात, तेव्हा ते संस्कृत शिकायला गेले. लंडनमध्ये मेबल बोड या विदुषींकडे त्यांनी धडे घेतले. देवनागरी अक्षरे गिरवली, कोश शेजारी घेऊन एकेक ओळ सोडवली आणि मग आपले शब्द बसवले. ते पंडित कधीच झाले नाहीत, अस्खलित वाचन त्यांना जमले असेही नाही. पण दुसऱ्याच्या कवितेला हात लावण्याआधी तिच्या दारात जाऊन उभे राहायचे, एवढे त्यांनी पाळले. भारतात मात्र ते कधीही आले नाहीत. त्यांची कन्या इमोजेन पुढे शांतिनिकेतनला आली आणि आपले संगीत शिकली.

या अभ्यासातून त्यांच्या दहा-बारा वर्षांच्या रचना निघाल्या. रामायणावरचा ‘सीता’ हा प्रचंड ऑपेरा, ऋग्वेदातल्या सूक्तांची गाणी आणि समूहगानांचे चार संच, महाभारतातली ‘सावित्री’, आणि मग ‘द क्लाउड मेसेंजर’.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये समूहगान म्हणजे काय होते, हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. आपल्याकडे भजनी मंडळ जसे गावोगाव, तसे तिकडे हौशी गायकवृंद गावोगाव होते. गिरणीतले कामगार, दुकानदार, शिक्षिका, कारकून संध्याकाळी जमत आणि महिनोन्‌महिने एकच रचना बसवत. फरक असा की आपले भजन सगळे एका स्वरात उचलतात. त्यांच्याकडे गायकांचे चार गट: बायकांचे दोन, उंच आणि खालच्या आवाजाचे, आणि पुरुषांचे दोन. चौघांच्या चार चाली एकाच वेळी चालतात आणि त्या एकमेकींत गुंफायच्या असतात. पूर्वी हे बहुतेक धर्मग्रंथातल्या शब्दांवर चाले. विसाव्या शतकाच्या तोंडावर कवितेलाही ते रूप मोठ्या प्रमाणात मिळू लागले. एडवर्ड एल्गार यांनी १९०० मध्ये कार्डिनल न्यूमन यांची मरणोन्मुख वृद्धावरची दीर्घ कविता घेतली. होल्स्ट यांचे जिवलग मित्र व्हॉन विल्यम्स यांनी वॉल्ट व्हिटमनच्या कवितांवरची ‘सी सिम्फनी’ १९१० मध्ये लीड्सला सादर केली. तेव्हा होल्स्टनी मेघदूत घेतले, ते या चालत्या परंपरेतच बसणारे होते.

प्रयोगाचे काय झाले? पडला. श्रोते थंड राहिले आणि होल्स्ट फार खचले. दोन-तीन वर्षांची मेहनत त्यात होती. बाल्फर गार्डिनर हे त्यांचे संगीतकार मित्र पैशाने सुखवस्तू होते. त्यांच्याच मैफलींच्या मालिकेत हा प्रयोग झाला होता. त्यांनी होल्स्टना काही दिवस स्पेनच्या माजोर्का बेटावर नेले. बरोबर अर्नोल्ड आणि क्लिफर्ड बॅक्स हे भाऊ होते. त्या सहलीत क्लिफर्ड बॅक्सनी ज्योतिषाचा विषय काढला आणि होल्स्टना त्याची गोडी लागली. पुढच्याच वर्षी ‘द प्लॅनेट्स’ ही ग्रहांवरची रचना सुरू झाली. ती १९१८ मध्ये पहिल्यांदा वाजली आणि होल्स्ट जगप्रसिद्ध झाले. तिच्यातला मंगळ पाच मात्रांच्या बेचैन चालीत येतो. शेवटी नेपच्यूनच्या भागात रंगमंचामागे दडलेल्या बायकांचे आवाज दूर दूर जात विरतात. मेघदूत मात्र मागे पडले. खुद्द इमोजेन यांनीही वडिलांच्या या रचनेची भीडभाड न ठेवता चिकित्सा केली आहे.

रचना का पडली, यावर माझे एक निदान आहे. रोग्याला न तपासता निदान करू नये म्हणतात. पण मी ती रचना निदान पंचवीस वेळा ऐकली आहे.

मेघदूत हे एका माणसाचे बोलणे आहे. आषाढाच्या तोंडावर डोंगरावर उभा असलेला एकटा यक्ष, समोर ढग, आणि ऐकायला दुसरे कोणी नाही. त्याला भान नाही की ढग म्हणजे धूर, वारा, पाणी आणि उजेड. त्याला निरोप काय कळणार! या एकटेपणात त्या कवितेचा जीव आहे. आता हेच बोलणे दीडदोनशे गळ्यांना एकदम दिले की विरह राहत नाही, त्याची मिरवणूक होते. मला पहिल्यांदा शब्द कळले नाहीत याचे कारणही तेच. एक ओळ बायकांचा गट अर्धी म्हणतो तोवर पुरुष पुढची उचलतात. ज्या कवितेत प्रत्येक श्लोक हे वेगळे चित्र आहे, तिच्यात चित्रावर चित्र पडत जाते.

दुसरे कारण वृत्ताचे. मंदाक्रांतेची सतरा अक्षरे आपण जाणता. आधी चार गुरू, जड पावलांनी. मग पाच लघू आणि एक गुरू, जणू अडवलेला श्वास सुटावा तसे. मग सात अक्षरांचा हेलकावा. चार, सहा, सात. ढग जसा डोंगराला अडतो, सुटतो आणि तरंगत पुढे जातो तशी ही चाल आहे. इंग्रजीला लघुगुरूचा हा हिशेब नाही, तिथे आघात चालतो. होल्स्ट पाच आणि सात मात्रांत रमणारे होते, तरी ही चाल त्यांना इंग्रजीत आणता येणे शक्य नव्हते. त्यांनी आपल्या रागांची किंवा तालांची नक्कल करण्याच्या फंदात पडायचे टाळले, हे मात्र मला फार आवडते. खोटी सतार, खोटे घुंगरू त्यात नाहीत. जे आहे ते त्यांच्या स्वतःच्या गळ्याचे आहे.

आणि माझे निदान बरोबर असावे याला पुरावा त्यांच्याच ‘सावित्री’चा. ती त्यांनी १९०८-०९ मध्ये लिहिली. त्यात फक्त तीन पात्रे: सावित्री, सत्यवान आणि मृत्यू. वाद्ये डझनभर, वेळ अर्ध्या तासाचा. सुरुवातीला एकही वाद्य नाही. अंधारातून मृत्यूचा नुसता आवाज येतो. ती रचना आजही गायिली जाते. तेच लेखक, तोच अभ्यास, तीच संस्कृतची ओढ. मात्रा कमी केली आणि गुण आला. हे मी होमिओपॅथ म्हणून बोलत नाही, श्रोता म्हणून बोलतो आहे. पण योगायोग आवडला, हे लपवत नाही.

एवढ्यावर हे व्याख्यान संपवता आले असते. शेवटी “पाहा, आमच्या कालिदासाला साता समुद्रापार कसा मान मिळाला” असे म्हटले की टाळ्याही मिळाल्या असत्या. परंतु ते खरे झाले नसते. मान मिळाला नाही, प्रयोग पडला. आणि दुसऱ्याने आपली वस्तू घेतली याचा अभिमान मिरवण्यात आपले कर्तृत्व काय, हेही मला कधी समजलेले नाही. म्हणून मी वेगळ्या दिशेने गेलो. मेघदूत घरी नेणारा होल्स्ट हा काही पहिला नव्हे. त्याच्या अकराशे वर्षे आधी आमच्याच परंपरेतल्या एका मुनींनी ते नेले होते.

आचार्य जिनसेन हे वीरसेनस्वामींचे शिष्य, आदिपुराणाचे कर्ते. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष त्यांना गुरू मानी. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. नवव्या शतकातली ही गोष्ट. जिनसेनांनी ‘पार्श्वाभ्युदय’ नावाचे काव्य लिहिले. त्यात त्यांनी संपूर्ण मेघदूत उचलले आहे. कालिदासाची एक किंवा दोन चरणे घ्यायची आणि बाकीची आपली घालून श्लोक पुरा करायचा. अशा रीतीने ३६४ श्लोकांत मेघदूताची एकूणएक ओळ आली आहे. कथा मात्र भगवान पार्श्वनाथांची. ते ध्यानस्थ उभे आहेत आणि पूर्वजन्मींचा वैरी शंबर त्यांना डिवचतो, आव्हान देतो, मोहात पाडू पाहतो. यक्षाच्या तोंडच्या आर्जवी ओळी इथे उपसर्ग करणाऱ्या शत्रूच्या तोंडी आल्या आहेत. कालिदासाच्या घरी ढग हा मित्र होता. पार्श्वनाथांच्या कथेत तोच गडगडाट आणि तीच वृष्टी ही परीक्षा होते. ऐकणारा विचलित होत नाही. शेवटी शंबराला पश्चात्ताप होतो. शृंगाराच्या ओळींतून शांतरस काढला आहे.

काही रसिक याला कालिदासावरची जबरदस्ती म्हणतात. पण एक गोष्ट लक्षात घ्या. मल्लिनाथाच्या प्रसिद्ध टीकेपेक्षा जिनसेन कित्येक शतके जुने आहेत. मेघदूताचे मूळ श्लोक किती आणि पाठ कोणता, असा वाद उभा राहतो तेव्हा पार्श्वाभ्युदयाची साक्ष काढावी लागते. का. बा. पाठक यांनी १८९४ मध्ये पुण्यात मेघदूताची जी आवृत्ती काढली ती याच आधाराने. म्हणजे ज्याने कवितेचा अर्थ उलटा केला, त्यानेच तिचे शब्द जपून ठेवले. प्रत्येक अक्षर नीट वाचल्याशिवाय, त्यावर प्रेम केल्याशिवाय अशी समस्यापूर्ती होत नाही.

आता मी मूळ प्रश्नाकडे येतो. तो कालिदासाविषयी नाही, आपल्याविषयी आहे.

जिनसेनांची कर्मभूमी कर्नाटकात. त्यांच्या आदिपुराणावरून पंपाने कन्नडात जे आदिपुराण लिहिले, ते त्या भाषेच्या अगदी आद्य काव्यांपैकी. आमच्या घरात ते नाव श्रद्धेने घेतले जाते. आमच्या समाजात एकाच कुटुंबातल्या एका जावेच्या माहेरी मराठी आणि दुसरीच्या माहेरी कन्नड, हे नेहमीचे. दवाखान्यात मी दिवसभर दोन्ही भाषांत विचारपूस करतो. ‘कुठं दुखतंय’ आणि ‘ऊट आयता’ एकाच दमात तोंडून निघतात. आपल्यापैकी बहुतेकांचे असेच असेल. आपण सीमेवरची माणसे. भाषेसाठी आपण खूप सोसले आहे, सभा-मोर्चे केले आहेत, मुलांच्या शाळांची काळजी केली आहे. मराठी टिकावी म्हणून ही सभा उभी आहे आणि ती उभीच राहिली पाहिजे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

पण एका रात्री पंचविसाव्या वेळी ती रचना ऐकताना माझ्या मनात आले: हा शाळामास्तर, हात दुखतो, श्वास लागतो, आठवडाभर राबतो, आणि हजारो किलोमीटरवरच्या एका मृत भाषेची अक्षरे गिरवतो, कारण एक कविता त्याला तिच्या शब्दांत भेटायची आहे. आणि मी? कन्नड मला बोलता येते, दुकानाच्या पाट्या वाचता येतात, रोग्याची तक्रार समजते. पण चाळीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी कन्नडातली एक कविता मुळातून वाचलेली नाही. पंपाचे आदिपुराण मी मराठी लेखांतून ओळखतो. बेंद्रे यांचे नाव घेतो, धारवाड किती जवळ हेही सांगतो, त्यांची मातृभाषा मराठी होती हेही अभिमानाने सांगतो. पण पुस्तक उघडलेले नाही. कारण कोणी मनाई केली म्हणून नव्हे. मनातल्या मनात मला वाटत होते की ती वाचली तर मराठीचे काहीतरी कमी होईल.

ते कमी होत नाही, हे मला जिनसेनांनी आणि होल्स्टनी मिळून शिकवले. संस्कृत शिकल्याने होल्स्ट काही कमी इंग्रज झाले नाहीत. ‘प्लॅनेट्स’मधला तो विरत जाणारा आवाज त्या दहा-बारा वर्षांच्या तपश्चर्येनंतर आला आहे. कालिदास घरात घेतल्याने जिनसेनांचे तत्त्व मवाळ झाले नाही. ज्याला आपले घर पक्के वाटते तो पाहुण्याला दार उघडतो. मेघदूत मराठीत किती जणांनी आणले! चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, शान्ताबाई शेळके, आणि आपल्या गोव्याचे बाकीबाब बोरकर. प्रत्येकाचा मेघ वेगळा आणि मूळ मेघ आहे तिथेच आहे.

म्हणून यंदा पासष्टी उलटल्यावर मी कन्नडाचे धडे घेऊ लागलो आहे. शेजारचे निवृत्त मास्तर दर रविवारी येतात. माझी अक्षरे पाहून ते हसतात आणि मी त्यांना दम्याची पुडी देतो, असा व्यवहार ठरला आहे. एका रविवारी चार ओळींच्या पुढे गाडी जात नाही. मुलीला फोनवर सांगितले तर ती म्हणाली, “बाबा, होल्स्टची रचना तर पडली होती ना?” मी म्हटले, “पडू दे की. शिकणं पडलं नव्हतं.”

सभेला माझी एकच नम्र विनंती आहे. या व्याख्यानमालेत दर वर्षी एक व्याख्यान शेजारच्या भाषेतल्या एका कवितेवर असावे: कन्नड, कोंकणी, जी शेजारी असेल ती. बोलणाऱ्याने ती मुळातून वाचलेली असावी आणि मराठीत समजावून सांगावी. अनुवाद फसला तरी चालेल, ही अट आधीच मान्य करावी.

इकडे खानापूरच्या बाजूने ढग चढू लागले आहेत. उद्यापासून दवाखान्यात खोकल्याची गर्दी होईल.  जय महाराष्ट्र तर आपण नेहमीच म्हणतो. आज मी जय जिनेंद्र म्हणून आपली रजा घेतो.